न्या. रानडे आणि इतिहासाचा उपयोग

महाराष्ट्रास इतिहासाचा अभिमान नाही असे कोणीही म्हणणार नाही. थोर पुरुषांच्या जयंत्या थाटाने साजऱ्या होतात, पुतळ्यांस हार पडतात, आणि अमका पुरुष कोणत्या जातीचा, अमक्या लढाईचे श्रेय कोणाचे, यावरून वर्षानुवर्षे वाद माजतात. परंतु अभिमान निराळा आणि बोध निराळा. पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे ऐकणे सोपे आहे. त्यांच्या उत्कर्षाची व ऱ्हासाची कारणे शोधून ती आपल्या आजच्या वर्तनास लावून पाहणे कठीण आहे. हे कठीण काम ज्यांनी जन्मभर केले, त्या कै. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्राकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाड येथे झाला. मुंबई विश्वविद्यालयातून १८६२ साली जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत ते एक होते. विद्यार्थिदशेतच मराठेशाहीची इंग्रजी अमलाशी तुलना करून इंग्रजांकडे उणेपणा देणारा निबंध त्यांनी लिहिला, आणि त्याबद्दल त्यांची शिष्यवृत्ती काही महिने बंद झाली. गतकालाविषयीचे मत हे वर्तमान सत्तेस झोंबू शकते, हा धडा त्यांस असा लवकर मिळाला. पुढे १८७१ साली ते न्यायखात्याच्या नोकरीनिमित्त पुण्यास आले व सार्वजनिक सभेचे प्राण बनले. सरकारी चाकरी आणि लोककार्य ही दोन्ही सांभाळताना सरकारच्या संशयाचा व बदल्यांचा त्रास त्यांनी निमूटपणे सोसला.

इतिहासाचे हत्यार त्यांनी प्रथम अर्थशास्त्रात चालविले. १८९२ साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले की, इंग्लंडात मान्य झालेले खुल्या व्यापाराचे सिद्धांत सर्व देशांस व सर्व काळांस सारखे लागू पडत नाहीत. प्रत्येक राष्ट्राची पूर्वपीठिका निराळी, म्हणून त्याच्या दारिद्र्यावरचा उपायही निराळा. हिंदुस्थानातील कारागीर आपला धंदा सोडून शेतीकडे का लोटला गेला, हे ज्यास कळत नाही त्याने त्यास आळशी म्हणू नये, इतके तरी या विचारपद्धतीने सुशिक्षितांस शिकविले.

परंतु त्यांच्या इतिहासदृष्टीचे खरे फळ म्हणजे १९०० साली प्रसिद्ध झालेला मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ होय. ग्रँट डफ याने मराठ्यांच्या उदयास सह्याद्रीवरील वणव्याची उपमा दिली होती. जणू काय तो एक आकस्मिक भडका! रानडे यांनी दाखविले की, हा भडका नव्हे, ही दीर्घकाळ मशागत केलेल्या भूमीतील पेरणी होती. नामदेव शिंपी, सावता माळी, गोरा कुंभार, चोखामेळा महार, दासी जनाबाई यांनी देवाच्या दारी जातीचा ताठा सैल केला आणि मराठी भाषेस प्रतिष्ठा दिली. त्यातून जो समाज एकजीव होऊ लागला होता, त्यासच शिवछत्रपतींनी राज्याचे रूप दिले. हे मत सर्वांस पटले असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी संतांच्या निवृत्तीस उलट दोषच दिला. तथापि राज्य केवळ तलवारीने उभे राहत नाही, ही गोष्ट रानड्यांमुळे विचारात घेणे भाग पडले.

ऱ्हासाची कारणेही त्यांनी तितक्याच निर्भीडपणे सांगितली. शिवाजीमहाराजांनी हुद्दे वंशपरंपरेने दिले नाहीत, आणि जहागिरीऐवजी रोख वेतनाची पद्धत पसंत केली. पुढे हुद्दे घराण्यांत मुरले, सरदार आपापल्या मुलखाचे धनी झाले, आणि ज्ञातिभेदाने राज्यकर्त्यांतच फळी पडली. ज्या शिस्तीने राज्य उभारले ती सुटताच ते खिळखिळे झाले.

हा बोध त्यांच्या स्वतःच्या चरित्रासही कसोटीस लावतो, हे लपविण्यात अर्थ नाही. विधवाविवाहाचे ते पुरस्कर्ते. परंतु १८७३ साली प्रथम पत्नी निवर्तल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. टीकाकारांचे शब्द त्यांनी ऐकून घेतले. त्यांस उत्तर नव्हते. मात्र त्याच पत्नीस, रमाबाईंस, घरच्यांचा रोष पत्करून त्यांनी शिकविले, आणि पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या कार्याने त्या शेकडो स्त्रियांचा आधार झाल्या. १८९५ साली पुण्यास काँग्रेस भरली तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देऊ नये असा गिल्ला झाला. रानडे यांनी भांडण न वाढविता परिषद अन्यत्र भरविली, पण ती बंद केली नाही. राजकीय हक्क व सामाजिक न्याय ही दोन्ही एकाच देहाची अंगे आहेत, हे इतिहासाने त्यांस शिकविलेले सूत्र त्यांनी सोडले नाही. १९०१ च्या जानेवारीत ते निवर्तले.

त्यांस जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला. राजे गेले, इंग्रजही गेले. लोकांचे राज्य आले. तरी सत्तेची पदे बापाकडून मुलाकडे जातात, उमेदवाराची योग्यता पाहण्यापूर्वी त्याची जात मोजली जाते, आणि विवाहाच्या वेळी सुधारकांच्या घरातही पत्रिकेआधी पोटजात विचारली जाते. ज्या दोषांनी एकदा राज्य बुडाले तेच दोष घरात जपून ठेवावे आणि बाहेर मात्र त्या राज्याच्या नावाने जयघोष करावा, हा इतिहासाचा अभिमान नव्हे, ती त्याची विटंबना होय. आमच्या वाचकांनी पुढील जयंतीस मिरवणुकीत अवश्य जावे. परंतु घरी परतल्यावर, आपण पूर्वजांच्या गुणांचे वारस आहो की दोषांचे, हा प्रश्न स्वतःस एकदा विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.