खाँसाहेबांचा तंबोरा आणि आपली ड्रॉप-डी

हॉस्टेलवर गिटार आली की पहिल्या दिवशी काय होतं? गेन फुल्ल, बास फुल्ल, मिड झिरो! रूममध्ये आवाज जाम भारी वाटतो. पण ड्रम्स आणि बास सुरू झाले की गिटार गायब. नु-मेटलचा हेवी ऱ्हिदम टोन लावायचा कसा? याचं उत्तर एका शास्त्रीय गवयाच्या आयुष्यात आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ!

त्यांचा जन्म १८७२ साली, आजच्या उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी. घरातच गाणं आणि सारंगी. तरुणपणी ते बडोदा दरबारात गायले. तिथे ताराबाई माने यांच्याशी प्रेम जमलं आणि दोघांनी बडोदा सोडलं. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच मुलं. १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. खाँसाहेब मिरजेत राहिले. मिरज म्हणजे तंबोरे बनवणाऱ्यांचं गाव.

खाँसाहेबांचा आवाज बारीक आणि गोड होता. दणदणीत अजिबात नव्हता. तरी मैफल स्तब्ध व्हायची, कारण सूर पक्का. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांच्या श्रुतींवरच्या संशोधनात त्यांनी मदत केली. तंबोरा नीट लागल्याशिवाय त्यांचं गाणं नाही.

आता इंजिनिअरिंग बघा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर सरकवला की तार घोडीला हलकेच घासते आणि वरचे हार्मोनिक्स फुलतात. हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर पेपर लिहिला. दोरा चुकला की गुंजन जातं, नुसती खरखर उरते.

डिस्टॉर्शनही हार्मोनिक्सच वाढवतं. म्हणून पॉवर कॉर्डमध्ये फक्त षड्ज आणि पंचम घेतात, जास्त स्वर घेतले तर चिखल होतो. ड्रॉप-डीमध्ये खालच्या तीन तारा डी-ए-डी, म्हणजे चक्क सा-प-सा. आपला तंबोराच की! तार थोडी जरी बेसूर असली तरी गेन तो बेसूर मोठा करून दाखवतो.

तेव्हा आधी जाड तारा लावा आणि ट्यूनिंग पक्कं करा. गेन निम्म्यावर, मिड थोडा वर, बास बेताचा. उजव्या तळव्याने ब्रिजजवळ तारा दाबून वाजवा. वजन तिथून येतं.

१९३७ साली खाँसाहेब रेल्वेने पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत तब्येत बिघडली, म्हणून सिंगपेरुमाल कोइल या छोट्या स्टेशनवर उतरले. सांगतात की फलाटावर त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, दरबारीच्या सुरांत प्रार्थना केली आणि प्राण सोडला. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. शेवटच्या घटकेलाही या माणसाने आधी तंबोरा लावून घेतला. आपण निदान प्रॅक्टिसच्या आधी पाच मिनिटं ट्यूनिंगला देऊ या.