ब्राँझपदकाचा धनी : खाशाबा जाधव

जुनी नाणी, पदके आणि बिल्ले जमविणाऱ्यांचा हिशेब सराफाहून निराळा. सराफ धातू तोलतो. संग्राहक त्या धातूला कुणाचा हात लागला ते पाहतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था असल्याने आपल्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. ऑलिंपिकच्या वस्तूंचा बाजार तर परदेशात फार मोठा. जेसी ओवेन्सचे १९३६ चे एक सुवर्णपदक २०१३ साली लिलावात साडेचौदा लाख डॉलरच्याही वर गेले. महाराष्ट्रातील असे एक पदक मात्र ब्राँझचे, आणि त्याची कहाणी अशी.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील पैलवान, त्यामुळे तालमीची माती घरचीच. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनला गेले आणि लाल मातीत घडलेला हा मल्ल तिथे गादीवर लढून सहावा आला.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे तर खिसा रिकामा. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. (आमच्या प्राध्यापकवर्गाने घाबरू नये, आम्ही नुसती माहिती देत आहोत.)

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी हरविले. जपानच्या इशीशी झुंज लांबली आणि ती हातची गेली. त्यानंतर लगेच सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलावणे आले. नियमाने अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. पण ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा हरले आणि ब्राँझपदक पदरात पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

त्या काळच्या ऑलिंपिक पदकाच्या मागील बाजूस विजेत्याला खांद्यावर घेतलेला जमाव कोरलेला असे. कऱ्हाड स्टेशनवर तेच चित्र जिवंत झाले. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि थोड्या मिनिटांच्या वाटेला कित्येक तास लागले. मिरवणूक पांगल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड भरविले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले. आमच्या मते त्यांची सर्वांत मोठी कुस्ती हीच.

१९५५ मध्ये ते फौजदार म्हणून पोलिसांत गेले व सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

पदक घरीच राहिले. गोळेश्वरला त्यांच्या नावाचे कुस्ती केंद्र उभारण्याचे शासनाने जाहीर केले होते, पण वर्षे लोटली तरी काम होईना. अखेर २०१७ साली मुलाने जाहीर केले की, हे पदक लिलावात विकू आणि त्या पैशातून केंद्र बांधू.