स्टीफन हिस्लॉप

मुलांनो, सिंदी (रेल्वे) येथून नागपूरच्या गाडीत बसलात, की वाटेत बुटीबोरी लागते. या परिसराशी स्टीफन हिस्लॉप यांची आठवण जोडलेली आहे.

त्यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. १८४५ मध्ये ते धर्मोपदेशक म्हणून नागपूरला आले. तेथे त्यांनी शाळा काढली. फिरताना ते खडक न्याहाळत. गाळाचे थर साचून खडक बनतो. त्यात गाडलेल्या वनस्पतींचे ठसे राहतात. अशाच वनस्पतींचा कोळसाही होतो. कामठीजवळच्या ठशांवरून हिस्लॉप यांनी कोळशाच्या थरांचे वय शोधण्याचा प्रयत्न केला.

४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटहून बोरीला परतताना ते नाल्याच्या पुरात बुडाले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. तुम्हीही वाटेतला दगड नीट पाहाल ना?