कॉर्नेलियाबाई सोराबजी

विलायतेच्या विद्यापीठांत शिकावयास जाण्यास काय लागतें, असें आमच्या मंडळ्यांतील आईबापें अलीकडे पाळकांस विचारूं लागलीं आहेत. मागील परीक्षेचा दाखला पाहिजे, इंग्रजी चांगलें येतें ह्याचा पुरावा पाहिजे, आणि खर्च कोण देणार हें दाखविलें पाहिजे, एवढें तर सर्वांस ठाऊक आहे. परंतु एका ख्रिस्ती पाळकाच्या मुलीपाशीं पहिल्या दोन गोष्टी असतांही दार कसें लागलें, व तें कसें उघडलें, हें आम्ही आज सांगणार आहों.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं नाशिक येथें झाला. त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे जन्मानें पारशी असून तरुणपणीं प्रभूवर विश्वास ठेवून बाप्तिस्मा पावले, आणि त्यापायीं स्वजनांकडून त्यांस पुष्कळ छळ सोसावा लागला. पुढें ते चर्च मिशनरी सोसायटीचे सेवक झाले. आई फ्रान्सिनाबाई ह्यांस एका इंग्रज कुटुंबानें वाढविलें होतें. त्यांनीं पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल काढिलें. तेथें पारशी, हिंदु, मुसलमान व इंग्रज मुलें एका बाकावर बसत. कॉर्नेलियाबाईंचें बाळपण बेळगांवास व पुण्यास गेलें.

त्या लहान असतांना काठेवाडाकडील एक पडद्यांतील धनवान विधवा त्यांच्या आईपाशीं रडत आली. तिच्या कारभाऱ्यानें कोऱ्या कागदावर तिची सही घेऊन सर्व मिळकत आपल्या नांवें करून घेतली होती. परपुरुषासमोर येण्याची तिला मनाई, वकील तर सर्व पुरुष. मग तिनें आपलें गाऱ्हाणें सांगावें तरी कोणास? आईनें मुलीस समजाविलें कीं अशा बायांच्या उपयोगीं पडावयाचें असेल तर कायदा शिकला पाहिजे. तें त्या मुलीच्या मनांत कायमचें बसलें. पुढील सर्व खटाटोपाचें मूळ हेंच होय. मानमरातबाची हांव नव्हे.

मुंबई विद्यापीठानें १८८३ सालीं स्त्रियांस पदवीचा मार्ग मोकळा केला. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाल्या. तेथें सर्व विद्यार्थी पुरुष. त्या येत आहेत असें पाहून वर्गाचें दार लावून घेणारेही त्यांत होते. तथापि १८८७ सालीं शेवटच्या परीक्षेंत त्या प्रथम वर्गांत उत्तीर्ण झाल्या व कॉलेजांत पहिल्या आल्या. अशा विद्यार्थ्यास विलायतेस जाऊन शिकण्यासाठीं सरकारी शिष्यवृत्ति मिळावयाची. पण ती पुरुषांसाठीं आहे, स्त्रीस देतां येत नाहीं, असा निकाल झाला. गुण होते, भाषा होती, चालचलणुकीविषयीं कोणाची तक्रार नव्हती. अट एकच आडवी आली, आणि ती अभ्यास करून पुरी करितां येण्याजोगी नव्हती.

त्या घरीं बसून राहिल्या नाहींत. अहमदाबादेस गुजरात कॉलेजांत पुरुष विद्यार्थ्यांस इंग्रजी वाङ्मय शिकविण्याची नोकरी त्यांनीं धरिली व पैसा शिलकीस टाकिला. इकडे इंग्लंडांत मेरी हॉबहाउस नांवाच्या बाईंनीं वर्तमानपत्रांतून त्यांची हकीकत लोकांपुढें मांडून वर्गणी सुरू केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई व सर विल्यम वेडरबर्न ह्यांनींही तींत हात लाविला. सरकारनें जें दिलें नाहीं तें अशा रीतीनें जमलें, आणि १८८९ त कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्यें पोहोंचल्या.

येथें वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८५४ पर्यंत ऑक्सफर्डांत नांव घालतांना विद्यार्थ्यास इंग्लंडच्या मंडळीच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. म्हणजे आमच्यासारख्या इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे लोक देखील बाहेरच. मग हिंदु-पारशी ह्यांची काय कथा! ती अट त्या वर्षाच्या व पुढें १८७१ च्या कायद्यानें गेली. परंतु स्त्रियांविषयींची अट राहिलीच. त्यांनीं व्याख्यानें ऐकावीं, कांहीं परीक्षा द्याव्या, पण विद्यापीठाचे सभासद होऊं नये व पदवी मागूं नये, असा तेथील रिवाज होता. आत्म्याच्या बाबतींतली सक्ति त्या थोर विद्यापीठानें आधीं सोडिली व स्त्रीपुरुषांचा भेद मागून, हें आम्हांस विचार करण्याजोगें वाटतें.

बेलियल कॉलेजाचे मुख्य बेंजामिन जोएट ह्यांनीं ह्या परदेशीय मुलीस आपल्या छायेखालीं घेतलें. ऑल सोल्स कॉलेजाच्या पुस्तकालयांत वाचण्याची परवानगी सर विल्यम ॲन्सन ह्यांनीं दिली. ती मिळालेली पहिली स्त्री ह्याच. बी. सी. एल. म्हणजे कायद्याची वरची परीक्षा. ती तोंवर कोणत्याही स्त्रीनें दिली नव्हती. विद्यापीठाच्या सभेनें खास ठराव केला तेव्हां १८९२ सालीं त्या पुरुषांबरोबर परीक्षेस बसल्या. तिसऱ्या वर्गांत उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र हातीं आली नाहीं.

१८९३ त त्या स्वदेशीं परतल्या. १८९७ त मुंबईची एल्‌एल्‌. बी. व १८९९ त अलाहाबादेची वकिलीची परीक्षा दिली, तरी कोर्टांत उभें राहण्याची सनद कोणी देईना. मग त्यांनीं पडद्यांतील बायांसाठीं सरकारांत एक स्त्री सल्लागार असावी म्हणून अर्जांवर अर्ज केले. १९०४ सालीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे त्यांची नेमणूक झाली. मेण्यांतून, हत्तीवरून, नावेंतून प्रवास करीत त्या बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम ह्या मुलखांतील वाड्यांत जात. सुमारें ६०० विधवा व पोरकीं मुलें ह्यांच्या मिळकतीचें, शिक्षणाचें व कधीं कधीं जिवाचेंही रक्षण त्यांच्या हातून झालें. त्या विधवेचें गाऱ्हाणें त्या विसरल्या नव्हत्या.

ऑक्सफर्डानें १९२० सालीं स्त्रियांस पदव्या देण्याचें ठरविलें. १९२२ त, परीक्षा देऊन ३० वर्षें झाल्यावर, कॉर्नेलियाबाईंनीं तेथें जाऊन आपली पदवी घेतली. पुढल्या वर्षीं त्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या, आणि १९२४ पासून कलकत्त्याच्या हायकोर्टांत काम करूं लागल्या.

त्यांचें राजकारण आम्हांस पटत नाहीं, हें लपवीत नाहीं. इंग्रजी राज्यावर त्यांचा भरंवसा शेवटपर्यंत होता; महात्मा गांधींच्या चळवळीस त्यांनीं विरोध केला, आणि १९२७ त निघालेल्या कॅथरिन मेयोबाईंच्या 'मदर इंडिया' ह्या पुस्तकाची बाजू घेतली. त्यामुळें स्वदेशांत त्यांचे पुष्कळ मित्र तुटले. उतारवयांत त्या लंडनास राहिल्या व तेथेंच ६ जुलै १९५४ रोजीं मरण पावल्या. २०१२ सालीं लिंकन्स इनमध्यें त्यांचा अर्धपुतळा बसविण्यांत आला.