श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी : वार्धक्याला नमस्कार घालणारा राजा

आपल्या ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे स्मरणिकेच्या द्वारे नव्या पिढीपुढे ठेवावीत, ही प्रथा स्तुत्य आहे. तथापि अशा चरित्रांत पराक्रम, विद्वत्ता आणि दानशूरता यांचेच वर्णन बहुधा येते. त्या पुरुषाने आपले शरीर कसे राखले, याविषयी चार ओळीही सापडत नाहीत. यंदा ज्यांचे चरित्र लिहिण्याचे योजिले आहे, त्या औंधच्या श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या बाबतीत मात्र ही गोष्ट वगळताच येत नाही. त्यांच्या ऐंशी वर्षांहून दीर्घ आयुष्याचा कणाच मुळी व्यायाम हा होता.

पंतप्रतिनिधींचे घराणे सातारा जिल्ह्यातील किन्हईचे, देशस्थ ऋग्वेदी. या घराण्यातील परशुराम त्रिंबक यांनी छत्रपती राजाराम महाराज व महाराणी ताराबाई यांच्या कठीण काळात बजावलेली कामगिरी इतिहासप्रसिद्ध आहे. पुढे त्यांच्या वंशजांकडे औंधचे संस्थान राहिले. संस्थान म्हणजे केवढे? औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे चार तालुके, तेही एकमेकांपासून तुटलेले, आणि गावे अवघी बहात्तर. मुलूख बहुतेक दुष्काळी. मराठवाड्यातील वाचकांस त्याची कल्पना निराळी करून देण्याचे कारण नाही.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. शिक्षण पुण्यास डेक्कन कॉलेजात होऊन ते बी. ए. झाले. संस्थानिकांच्या मुलांत त्या काळी ही गोष्ट विरळा होती. थोरल्यांच्या हयातीत गादी आपल्याकडे येईल अशी त्यांची अपेक्षा असण्याचे कारण नव्हते. परंतु घराण्यात काही अप्रिय घटना घडून १९०९ साली राज्यकारभार त्यांच्या हाती आला. त्या वेळी त्यांचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते. चित्रकला, कीर्तन, ग्रंथलेखन आणि मूर्तिशास्त्र हे त्यांचे आवडीचे विषय. ते स्वतः उभे राहून कीर्तन करीत. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे मनावर घेतले, तेव्हा या लहानशा संस्थानाच्या राजाने एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांस बेळगावहून उठावे लागले, तेव्हा कुंडलजवळच्या माळावर त्यांना जागा देणारेही हेच. १९१० साली त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. या प्रत्येक गोष्टीवर स्वतंत्र लेख होईल. आपणांस मुख्य विषयाकडे वळले पाहिजे.

तरुणपणी बाळासाहेबांस व्यायामाची गोडी लागली ती सँडोमुळे. यूजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध मल्ल. त्याच्या नावाची पुस्तके आणि साधने सुशिक्षित तरुणांत फार लोकप्रिय झाली होती. बाळासाहेबांनी १८९७ च्या सुमारास ती सर्व साधने आणविली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला. छाती रुंदावली, दंड भरले. परंतु चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून त्यांनी सँडोची साधने बाजूस ठेविली आणि सूर्यनमस्कार सुरू केले. चाळिशी म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे उतार लागण्याचे वय. माणसे या वयात तालीम सोडून देत. बाळासाहेबांनी याच वयात ती नव्याने धरली.

सूर्यनमस्कार ही त्यांनी शोधून काढलेली गोष्ट नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अलीकडे काही लोक तसे लिहितात. महाराष्ट्रात नमस्कार घालण्याची परंपरा जुनी आहे. ती समर्थ रामदासस्वामींशी जोडली जाते, आणि संध्या, उपासना यांच्या जोडीने नमस्कार घालणारी घरे पूर्वीपासून होती. बाळासाहेबांचे कार्य निराळे आहे. देवघरातील ही उपासना त्यांनी मोजूनमापून, दहा स्थितींत बांधून, श्वासाच्या नियमासह सर्वांपुढे व्यायाम म्हणून ठेविली. मराठीत पुस्तके लिहिली, इंग्रजीत लिहिली, आणि १९२० नंतरच्या दशकात संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले.

या दहा स्थिती आपल्यापैकी पुष्कळांस शाळेतील कवायतीमुळे ठाऊक असतील. हात जोडून ताठ उभे राहणे. कंबरेतून वाकून तळहात भूमीस लावणे. एक पाय मागे. मग दोन्ही पाय मागे. त्यानंतर कपाळ, छाती, हात, गुडघे व पायांची बोटे टेकून, परंतु पोट भूमीस न लावता साष्टांग. मग छाती उचलून मागे वाकणे. कंबर वर उचलणे. एक पाय पुढे. दोन्ही पाय पुढे. आणि पुन्हा ताठ उभे. पाठीचा कणा दोन वेळा पुढे वाकतो, मध्ये एकदा मागे वाकतो. शरीराचा भार हातांवर येतो व पुन्हा पायांवर जातो. आणि प्रत्येक वेळी माणूस भूमीपर्यंत जाऊन उठतो. आरंभी बीजमंत्र व सूर्याचे नाव उच्चारावयाचे. मंत्रोच्चारानेही छातीस व्यायाम घडतो, असे बाळासाहेबांचे मत होते. जागा लागते ती एका सतरंजीएवढी, आणि खर्च काहीच नाही. दुष्काळी मुलखाच्या राजाने आपल्या प्रजेसाठी हा व्यायाम निवडला, यात मला त्यांचा मोठा व्यवहार दिसतो.

भूमीपर्यंत जाऊन उठणे, ही गोष्ट उतारवयात किती मोलाची आहे हे आता वैद्यकशास्त्रही सांगू लागले आहे. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, साठीनंतर ती झीज वाढते. मांड्यांतील बळ गेले की माणूस खुर्चीवरून हात टेकल्यावाचून उठत नाही, आणि तोल गेला की पडतो. वृद्धपणी खुब्याचे हाड मोडले म्हणजे पुष्कळांचे हिंडणे-फिरणे कायमचे संपते. पूर्वी आपल्या घरांतून पाटावर बसून जेवण, जात्यावर बसणे, जमिनीवर अंथरूण, अशा रीतीने दिवसातून दहा-वीस वेळा खाली बसणे-उठणे आपोआप घडत असे. आता डायनिंग टेबल आले, पलंग आले, सोफे आले. त्यांत वाईट काही नाही. पण जे आपोआप घडत होते ते आता मुद्दाम केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यात पासष्टीपुढील स्त्री-पुरुषांसाठी आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, निदान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगितला आहे. केवळ चालणे पुरेसे नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा. गोगाबाबा टेकडीच्या वाटेने आणि विद्यापीठाच्या परिसरात पहाटे फिरावयास जाणारी आपली वडीलधारी मंडळी अर्धे काम उत्तम करतात. उरलेले अर्धे बहुधा बाकावर बसून गप्पांत जाते.

आपल्या शहराशी बाळासाहेबांचा संबंध आला तोही त्यांच्या उतारवयातच, आणि तो ठाऊक असणारे फार थोडे. वेरूळ आणि अजिंठा या लेण्यांचा त्यांनी मनापासून अभ्यास केला होता. चित्रकार घेऊन ते अजिंठ्यास आले आणि तेथील भित्तिचित्रांच्या नकला करवून नेल्या. वेरूळवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२९ साली आणि अजिंठ्यावरील १९३२ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे वयाच्या एकसष्टाव्या व चौसष्टाव्या वर्षांच्या सुमारास. हा सर्व मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आजच्यासारखे रस्ते व सोयी नव्हत्या. वेरूळची चौतीस लेणी दोन किलोमीटरांच्या डोंगरकडेस पसरलेली आहेत, आणि अजिंठ्यास तर चढ-उतारच फार. एकेका मूर्तीपुढे व चित्रापुढे उभे राहून, टिपणे घेऊन, ती सर्व पाहणे हे साठी उलटलेल्या माणसास नमस्काराच्या नेमावाचून साधले असते, असे मला वाटत नाही. कैलास लेणे एकदा नीट पाहून आलेल्यांस हे पटेल.

१९३६ साली बाळासाहेब विलायतेस गेले. वय अडुसष्ट. या वयाचा मनुष्य इतका सरळ, सडपातळ आणि तजेलदार कसा, याचे तिकडील लोकांस आश्चर्य वाटले. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईने त्यांची भेट घेऊन नमस्कारांविषयी वृत्तपत्रात लिहिले, आणि तिच्याच संपादनाखाली १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे पुस्तक निघाले. आज जगभर योगाच्या वर्गांतून सूर्यनमस्कार घातले जातात. त्या प्रसाराच्या आरंभीच्या पावलांत औंधच्या या पावलाची गणना केली पाहिजे. नमस्कार हा पुरुषांचाच व्यायाम आहे, असे त्यांनी कधी मानले नाही. त्यांच्या राणीसाहेब नमस्कार घालीत, आणि स्त्रियांनी ते घालावेत यासाठी बाळासाहेबांनी पुष्कळ लिहिले. आपल्या भगिनीवर्गाने हे विशेष ध्यानात घ्यावे; घरकामात हालचाल होतेच ही समजूत अर्धीच खरी आहे.

चरित्र म्हणजे केवळ गुणगान नव्हे, म्हणून दोन गोष्टी लिहिणे भाग आहे. बाळासाहेबांचा नमस्कारांवरील विश्वास कधीकधी मर्यादा ओलांडीत असे. बहुतेक सर्व रोगांवर नमस्कार व साधा आहार हेच औषध, असा त्यांचा ग्रह होता. तो जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. ज्यांस रक्तदाब, हृदयविकार, गुडघेदुखी वा मोतीबिंदूची नुकतीच शस्त्रक्रिया असेल, त्यांनी डॉक्टरांस विचारल्याशिवाय खाली वाकू नये. खुर्चीचा आधार घेऊन उठण्या-बसण्याने आरंभ करावा. दुसरी गोष्ट सक्तीची. शाळांतून मंत्रांसह नमस्कार सक्तीचे करावेत की नाही, याविषयी तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. माझी नोकरी शाळेत झाली. सक्तीने केलेली कवायत शाळा सुटताच सुटते, हे मी पुष्कळ पाहिले आहे. राजाने स्वतः मात्र जे केले ते कोणाच्या सक्तीने नव्हे. आणि प्रजेने करावे असे सांगण्यापूर्वी त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे केले, हा फरक विसरता येत नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट. १९३८ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, बाळासाहेबांनी आपली राजसत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. पुत्र बॅरिस्टर आप्पासाहेब पंत हे ऑक्सफर्डहून शिकून आले होते. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे अभियंते मदतीस होते. महात्मा गांधींचा सल्ला घेण्यात आला. आणि जानेवारी १९३९ मध्ये नवी राज्यघटना अमलात आली. गावोगावी पंचायती, त्यांच्यावर तालुक्याच्या समित्या, वर विधिमंडळ. राजाने खर्चास मोजकी रक्कम घ्यावी व साधेपणाने राहावे, असे ठरले. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. व्ही. शांतारामांचा १९५७ सालचा गाजलेला हिंदी चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे औंध संस्थानचेच.

सत्तराव्या वर्षी या पुरुषाने राज्य सोडले, पण नमस्कार सोडले नाहीत. आपल्या घरोघरी याच्या नेमके उलट दिसते. सेवानिवृत्तीच्या दिवसापासून व्यायाम, हिंडणे, बाजारहाट हे सर्व मुलांवर व सुनांवर सोपविले जाते, आणि कपाटाच्या किल्ल्या, व्यवहार व शेवटचा शब्द मात्र शेवटपर्यंत स्वतःकडे ठेविला जातो. मग शरीर परावलंबी आणि मन हट्टी, अशा जोडीपायी किती घरांत अबोला शिरला आहे, हे आपल्या संघाच्या पदाधिकाऱ्यांस मी सांगावयास नको. बाळासाहेबांनी कारभार पुत्रांच्या पिढीकडे दिला आणि स्वतःचे शरीर स्वतःच्या ताब्यात ठेविले. कोणास उठविण्याबसविण्याचा त्रास देणे नाही, आणि कोणाच्या कामात हात घालणे नाही.

औंधातच त्यांच्या बरोबरीचे आणखी एक वृद्ध होते, त्यांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. वेदमूर्ती पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा जन्म १८६७ चा, म्हणजे राजापेक्षा एका वर्षाने अधिक. तेही मूळचे चित्रकार. काही वर्षे हैदराबादेस राहिलेले. १९१८ च्या सुमारास औंधास येऊन त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापिले. नमस्कार व आसने यांचा त्यांनीही आयुष्यभर पुरस्कार केला. १९४८ साली औंध सोडावे लागले तेव्हा वय ऐंशीच्या पुढे होते. त्या वयात गुजरातेत पारडी येथे त्यांनी सर्व संसार नव्याने मांडला, आणि वेदांचे काम करीत वयाची शंभर वर्षे ओलांडून १९६८ साली देह ठेविला. सर्वांचेच आयुष्य व्यायामाने शंभर वर्षांचे होते असे नाही. आयुष्य किती हे आपल्या हाती नसते. ऐंशीव्या वर्षी नवे घर मांडण्याची उमेद व बळ असणे, ही गोष्ट मात्र बरीचशी आदल्या तीस-चाळीस वर्षांच्या नेमावर अवलंबून असते.

मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. अवघ्या नऊ वर्षांचा तो लोकराज्याचा प्रयोग तेथेच थांबला. राजसत्ता त्यांनी आधीच देऊन टाकली होती, म्हणून बाळासाहेबांस तो आघात इतर संस्थानिकांइतका जाणवला नसावा, असे मी समजतो. १९५१ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षात, त्यांचे देहावसान झाले. आप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले, आणि त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहून वडिलांचा वारसा चालविला.

यमाईच्या डोंगरावर बाळासाहेबांनी १९३८ साली उघडलेले श्री भवानी संग्रहालय आजही आहे. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे मायलेकरांचे शिल्प तेथे पाहावयास मिळते. औंध हे साताऱ्याहून सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर, खटाव तालुक्यात आहे. संघाची पुढील वर्षाची सहल तिकडे न्यावी, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. संग्रहालय डोंगराच्या मध्यावर असून मूळपीठाचे देऊळ त्याच्याही वर आहे. तेव्हा ज्येष्ठ मंडळींनी तयारीस आतापासूनच लागावे.