पंडित भगवानलाल इंद्रजी

नाशिकजवळील पांडवलेण्यांस सहलीनिमित्त न गेलेला विद्यार्थी आमच्या शाळेंत विरळाच असेल. तेथील भिंतींवर कोरलेलीं अक्षरें मात्र बहुतेक जण ओझरतीं पाहून पुढें जातात. ज्या विद्वानांनीं तीं परिश्रमपूर्वक वाचलीं, त्यांपैकीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ सालीं काठेवाडांत जुनागड येथें झाला. जवळच गिरनारच्या वाटेवर अशोकाच्या लेखांचा प्रचंड खडक आहे. इंग्रजीचें ज्ञान त्यांस बेताचेंच होतें. परंतु प्राचीन लिपीचा तक्ता हातीं येतांच त्यांनीं कोवळ्या वयांत एकेक अक्षर ताडून पाहण्यास आरंभ केला. ही चिकाटी पाहून अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स यांनीं त्यांची शिफारस मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांजकडे केली. पुढें अनेक वर्षें भाऊ दाजींच्या वतीनें ते लेखांचे ठसे घेत व जुनीं नाणीं मिळवीत देशभर हिंडले. १८७४ सालीं भाऊ दाजी वारले. आश्रय तुटला, तरी काम थांबलें नाहीं.

नाणीं जमविणें ही कित्येकांची केवळ हौस असते. पंडितजींच्या हातीं मात्र प्रत्येक नाणें म्हणजे एक लहानसा शिलालेखच होई. क्षत्रप राजांचीं रुप्याचीं नाणीं आकारानें चिमुकलीं. पण त्यांवर राजाचें व त्याच्या पित्याचें नांव असे आणि पुष्कळदां वर्षही असे. त्यांवरून पंडितजींनीं त्या राजांचा क्रम लाविला. १८८२ सालीं सोपारें येथील स्तूप त्यांनीं उघडला, तेव्हां आंत यज्ञ सातकर्णीचें रुप्याचें नाणें निघालें.

नाशिकच्या लेण्यांचें त्यांनीं केलेलें विवेचन १८८३ सालीं सरकारी गॅझेटियरांत प्रसिद्ध झालें. तेथील एका लेखांत नहपानाचा जांवई उषवदात याच्या दानाचा हिशेब आहे: ७०,००० कार्षापण, म्हणजे २,००० सुवर्ण. विद्यार्थ्यांनीं भागाकार करावा. एका सोन्याच्या नाण्यास रुप्याचीं ३५ नाणीं, हा त्या काळचा भाव निघतो.

लायडनच्या विद्यापीठानें पंडितजींस डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली. १८८८ च्या मार्चमध्यें, अवघ्या ४८ व्या वर्षीं, ते मुंबईस निवर्तले. आपला नाण्यांचा संग्रह त्यांनीं मृत्युपत्रानें ब्रिटिश म्युझियमला दिला.

नहपानाचीं नाणीं त्यांच्या हयातींत फारच थोडीं उपलब्ध होतीं. १९०६ सालीं आमच्याच जिल्ह्यांत, जोगलटेंभी येथें, तीं १३,००० हून अधिक सांपडलीं! त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला शिक्का पुन्हां मारलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनीं १९०८ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. गौतमीपुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केला, असें लेण्यांतील भिंत सांगत होती. नाण्यांनीं तिची साक्ष खरी ठरविली. तें पाहण्यास पंडितजी मात्र नव्हते.

शुभवर्तमानांतील स्त्री एका हरवलेल्या नाण्यासाठीं दिवा लावून घर झाडते, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. पंडितजींनीं तसाच दिवा आयुष्यभर हातीं धरला. पालकांस आमची एवढीच विनंती कीं, शेतांत जुनें नाणें सांपडल्यास तें सोनाराच्या मुशींत जाऊं देऊं नये. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींत कळवावें. वितळलेल्या सोन्याचें मोल होतें. पण पुसलेलें नांव परत मिळत नाहीं.