बाटल्या धुणारा हॅरी

मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी हे केलंय. पोलादाचा तुकडा घासून आरशासारखा करायचा आणि त्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं नायट्रिक अ‍ॅसिड, लावायचं. मग मायक्रोस्कोपखाली ग्रेन्स दिसतात. समजा काहीच दिसलं नाही, तर? आपण म्हणू, अ‍ॅसिड जुनं झालंय. हॅरी ब्रिअर्ली तसं म्हणाला नाही, म्हणून मला त्याच्यावर लिहावंसं वाटलं.

हॅरीचा जन्म १८७१ चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. हे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. वडील मुशीत पोलाद वितळवायचे, घरात गरिबी. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि हा थॉमस फर्थ अँड सन्स या पोलाद कंपनीच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागला. तिथल्या जेम्स टेलर यांनी त्याला शिकायची गोडी लावली. बाकीचं रात्रीचे वर्ग आणि पुस्तकं. तरीही १९०८ मध्ये फर्थ आणि जॉन ब्राउन या कंपन्यांनी मिळून संशोधनाची लॅब काढली, तेव्हा प्रमुख म्हणून त्यालाच नेमलं!

१९१२ मध्ये त्याच्याकडे काम आलं बंदुकीच्या नळ्यांचं. गोळीबाराने त्या आतून झिजायच्या. गंजाचा इथे संबंधच नव्हता. हॅरीने क्रोमियम वाढवून पाहायचं ठरवलं. १३ ऑगस्ट १९१३ ला ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. हे पोलाद एच व्हायला तयारच नव्हतं. मग त्याने व्हिनेगर, लिंबाचा रस लावून पाहिला. तरी ढिम्म. (भंगारात चकाकणारी नळी दिसली, ही गोष्टही सांगतात. मला एचिंगवालीच पटते.) क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अतिशय पातळ ऑक्साइडचा थर धरतं. ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा तयार होतो.

शेफील्डच्या पोराला पहिल्यांदा सुचणार काय, तर सुरी! पण कंपनीला त्यात रस नव्हता. सुरीवाल्यांनी नेहमीच्या पद्धतीने घडवून पाहिलं, ते जमेना. न कापणाऱ्या सुऱ्या शोधणारा म्हणून त्याची थट्टा झाली. शेवटी मोस्ली कंपनीच्या अर्नेस्ट स्टुअर्टने योग्य तापमान शोधून सुऱ्या बनवल्या. 'स्टेनलेस' हे नावही स्टुअर्टचंच. हॅरी 'रस्टलेस' म्हणायचा.

माल चालणार असं दिसल्यावर कंपनी जागी झाली. हक्कांवरून वाद झाला आणि १९१५ मध्ये हॅरीने फर्थ सोडली. बत्तीस वर्षांचं नातं! तो ब्राउन बेली कंपनीत गेला. महायुद्धात सुऱ्या मागे पडल्या आणि ते पोलाद विमानांच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हना लागलं. अमेरिकेतलं पेटंट त्याला १९१६ मध्ये मिळालं.

आता खरं सांगायचं तर शोधाचा मान एकट्या हॅरीला देता येत नाही. जर्मनीत क्रुप कंपनीच्या श्ट्राउस आणि माउरर यांनी १९१२ मध्येच क्रोमियमबरोबर निकेल घातलेल्या पोलादाचं पेटंट मागितलं होतं. आपल्या घरातली १८/८ ची ताटं त्या घराण्यातली. घरी लोहचुंबक लावून बघा: ताटाला सहसा चिकटत नाही, चांगल्या सुरीला चिकटतो. ती सुरी हॅरीच्या बाजूची.

१९२० मध्ये त्याला बेसेमर सुवर्णपदक मिळालं. १९४१ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं, आणि १९४८ मध्ये टॉर्की इथे तो वारला.